हरमल : जाळायची, प्यायची नाही

‘हरमल’ हा शब्द कानावर पडला की आजकाल बहुतेकांना गोव्याच्या उत्तर टोकाचा समुद्रकिनारा आठवतो. आज मला तुम्हाला तिकडे न्यायचं नाही. मी बोलणार आहे ते हरमल नावाच्या एका रानटी वनस्पतीबद्दल. तिचं गाव कोरड्या मुलखात आहे. पाऊस तिथं पाहुण्यासारखा येतो आणि उभ्याउभ्याच निघून जातो.

माझी आणि हरमलची ओळख झाडापासून झाली नाही, धुरापासून झाली. सोलापूरकडच्या आमच्या गावी दिवेलागणीला दादी चुलीतला एखादा निखारा मातीच्या धुपाटण्यात घ्यायची. पदराच्या गाठीतून चिमूटभर काळपट तपकिरी बिया काढून त्यावर टाकायची. बिया तडतडायच्या आणि दाट पांढरा, कडसर वासाचा धूर उठायचा. घरात तान्हं मूल असलं की ते धुपाटणं आधी त्याच्याभोवती फिरायचं, मग कोपऱ्याकोपऱ्यांतून. शेजारच्या काकू त्याच वेळी आपल्या नातवावरून मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकत. त्यांची मोहरी तडतडायची, आमची हरमल. दोघींचं म्हणणं एकच, की पोराला कुणाची नजर लागू नये.

त्या बिया ज्या झाडाच्या, ते झाड मी पुष्कळ उशिरा पाहिलं. दिसायला अगदी साधं. एक ते अडीच फूट उंच, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलं, गर्द हिरवं झुडूप. पानं चिरून चिरून दोऱ्यासारखी बारीक केल्यासारखी. फुलं मात्र नीट बघावीत अशी. पाच पाकळ्यांची, पांढरी, पिवळसर झाक असलेली, साधारण इंचभर रुंद. फुलानंतर वाटाण्याएवढं, तीन कप्प्यांचं गोल बोंड धरतं. ते वाळून तडकलं की आत त्या बिया, कोनेदार आणि खरखरीत. पान चुरगळलं तर असा उग्र वास येतो की हात धुवावेसे वाटतात.

शास्त्रज्ञ तिला ‘पेगॅनम हरमला’ म्हणतात. हे नाव लिनियसनं १७५३ मध्ये दिलं. त्यातलं ‘पेगॅनम’ ग्रीक, ‘हरमला’ अरबी. ग्रीक भाषेत ‘पेगॅनॉन’ म्हणजे सताप. आपल्याकडे परसात लावतात आणि लहान मुलांच्या दुखण्यांवर वापरतात तोच हा सताप. इंग्रजीतही हरमलला ‘सीरियन रू’, म्हणजे सीरियाचा सताप असंच म्हणतात. पण हे नातं केवळ वासापुरतं आहे. सताप हा लिंबाच्या कुळातला. हरमलला पूर्वी गोखरूच्या कुळात बसवत, आता तिची गणना निट्रारिएसी नावाच्या एका लहानशा कुळात होते. माणसांप्रमाणे वनस्पतींनाही कधी कधी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली जाते आणि मग ते नाव चिकटून बसतं.

हिचा मुलूख केवढा, ते पाहू. स्पेनच्या आग्नेय टोकापासून आणि मोरोक्कोपासून सुरुवात करा. सगळा उत्तर आफ्रिका, सीरिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियाची गवताळ मैदानं आणि पुढे चीन, मंगोलियापर्यंत ती पसरली आहे. आपल्या उपखंडात ती पाकिस्तानात, काश्मीर-पंजाबकडे, राजस्थान-गुजरातेत आणि पश्चिम दख्खनच्या कोरड्या पठारावर आढळते. या सगळ्या प्रदेशांचा नकाशा केला तर एक गोष्ट समान दिसेल, ती म्हणजे पाण्याची ओढ.

अशा जागी जगायचं म्हणजे दोन शत्रूंशी गाठ असते. एक तहान आणि दुसरं तोंड. पहिल्यावर हरमलचा उपाय म्हणजे तिचं मूळ. जमीन फार कोरडी असेल तर ते वीस फुटांपर्यंत खोल जाऊ शकतं. हरमल बहुवर्षायू आहे, म्हणजे वर्षानुवर्षं जगणारी. थंड प्रदेशात हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो, झाड मेलं असं वाटतं. वसंत आला की त्याच मुळातून नवे कोंब येतात. तिचं खरं आयुष्य जमिनीखाली चालतं, वर दिसतो तो त्याचा मोसमी हिस्सा.

दुसरा शत्रू तोंड, म्हणजे शेळ्या, मेंढ्या, गुरं आणि उंट. हिरवं काही दिसलं की ते फस्त करणारी ही जनावरं. त्यांच्यासाठी हरमलनं काटे काढले नाहीत. तिनं कडवटपणा धरला. तिच्या अंगात, विशेषतः बियांत, विषारी अल्कलॉइडं असतात. सुज्ञ जनावर तिला तोंड लावत नाही. दुष्काळात भुकेनं व्याकूळ होऊन लावलंच, तर त्याला कापरं भरतं, पाय लटपटतात, प्रसंगी ते दगावतं.

यातून एक मोठी गमतीची आणि तितकीच गंभीर गोष्ट घडते. एखाद्या माळावर कळप प्रमाणाबाहेर चारले गेले की चांगलं गवत संपतं आणि न खाल्ली जाणारी हरमल मोकळ्या जागेत फोफावते. म्हणून इराण, मध्य आशिया आणि उत्तर आफ्रिकेत चराऊ कुरणांचा अभ्यास करणारे लोक हरमलची दाटी दिसली की ओळखतात, की या जमिनीवर फार चराई झाली आहे. पडक्या वाड्यांभोवती, जुन्या वस्त्यांच्या कडेला, वाटसरू आणि कळप वर्षानुवर्षं थांबत आले त्या जागी ती हमखास दिसते. माणूस जिथं राहतो आणि जमीन थकवतो तिथं ती येते. माणसानं तिला पेरलं नाही, पण तिची जागा त्यानंच तयार केली.

असं न खाण्याजोगं झाड माणसाच्या नजरेत भरलं ते कधीपासून? इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्यानं औषधी वनस्पतींचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात रानसतापाची नोंद करताना काही लोक त्याला ‘हरमला’ म्हणतात, असं त्यानं सांगितलं आहे. म्हणजे दादीच्या तोंडी असलेला शब्द किमान दोन हजार वर्षांचा तर आहेच. पुढे अकराव्या शतकात इब्न सीनाच्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात हरमल आली आणि तिथून ती युनानी हकिमांच्या बरण्यांत पोचली.

फारसीत हिचं नाव ‘इस्पंद’ किंवा ‘सिपंद’. या नावाचं मूळ अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेतल्या ‘स्पेंत’ या शब्दाशी जोडतात. स्पेंत म्हणजे पवित्र. झरथुष्ट्री लोकांचं पवित्र पेय ‘हओम’ आणि आपल्या वेदांतला ‘सोम’ म्हणजे हीच हरमल असावी, असाही एक तर्क आहे. १९८९ मध्ये फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ या दोन अभ्यासकांनी तो पुस्तकरूपानं मांडला. तो सर्वांना पटलेला नाही. पारशी धर्मगुरू आज ज्या ‘होम’च्या काड्या वापरतात त्या एफेड्रा या दुसऱ्याच वनस्पतीच्या असतात आणि अनेक विद्वानांचा कलही तिकडेच आहे. सोमाचा वाद मिटो न मिटो, इस्लामच्या पुष्कळ आधीपासून इराणात हे झाड पवित्र मानलं जात होतं, हे तिच्या नावातूनच दिसतं. धर्म बदलले, राजवटी बदलल्या, धुपाटणं तेच राहिलं.

इराणात आजही लग्नघरी, नवं मूल घरी आलं की, किंवा कुणी फार कौतुक केलं की इस्पंद जाळतात. काबूलच्या रस्त्यांवर इस्पंद जाळणारी गरीब मुलं असतात. तारेला बांधलेला पत्र्याचा डबा हलवत ती गाड्यांच्या काचांशी धूर नेतात आणि मिळालेल्या नाण्यांवर घर चालवायला हातभार लावतात. तुर्कस्तानच्या आनातोलिया भागात वाळलेली बोंडं दोऱ्यात ओवून त्यांची नक्षीदार तोरणं करतात आणि भिंतीवर टांगतात. उझबेकिस्तानात सर्दी-तापाची साथ आली की दुकानादुकानांतून हा धूर फिरतो. आणि आपल्या काश्मिरात तिचं नाव ‘इसबंद’. तिथं लग्नात नवरा-नवरीच्या स्वागताला कांगडीतल्या निखाऱ्यांवर इसबंद टाकतात. हे मुसलमानांच्या घरी होतं तसंच काश्मिरी पंडितांच्याही घरी होतं. धुराला कुणी जात-धर्म विचारत नाही.

निखाऱ्यावर पडलेलं बी तडतडतं, उडतं, क्षणभर थरथरतं आणि संपतं. फारसी आणि उर्दू शायरांनी हे दृश्य फार वापरलं. विरहात तडफडणाऱ्या जिवाला त्यांनी सिपंदाचा दाणा म्हटलं. सुंदर मुखड्याला नजर लागू नये म्हणून कवीनं आपलं काळीजच सिपंदासारखं आगीत टाकावं, ही कल्पना तर त्या शायरीत पुन्हा पुन्हा येते. मी शब्दांचा माणूस असल्यामुळे मला त्यात गंमत वाटते. पण हेही लक्षात घ्या, की त्या सगळ्या शायरीत सिपंद जळतो. तो कुणी खात नाही, पीत नाही.

आता मी ज्या कारणासाठी आज हा विषय निवडला त्याकडे वळतो.

१९८१ सालची गोष्ट असेल. मी शाळेत होतो. आमच्या नात्यातली एक तरुण बाई माहेरपणाला आली होती. तिची पाळी चुकली होती आणि आधीची दोन मुलं लहान होती. बायकांच्या या गोष्टी तेव्हा कुणी मोठ्यानं बोलत नसे. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, की हरमलच्या बियांचा काढा घे, मोकळी होशील. तिनं दादीच्या डब्यातून मूठभर बिया काढल्या, उकळल्या आणि प्यायली. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मग हातपाय थरथरायला लागले. ती भिंतीकडे बोट दाखवून मुंग्या चालल्यात, मुंग्या चालल्यात असं ओरडत होती. भिंतीवर काहीच नव्हतं. कुणी म्हणालं झपाटलं आहे, तिच्याभोवती धूर करा. म्हणजे जे पोटात गेलं होतं तेच पुन्हा नाकाशी न्यायला निघाले होते.

दादीनं सगळ्यांना बाजूला केलं. एकाची जीप मिळवून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारत होते, हिनं काय घेतलं? घरातली सगळी मोठी माणसं खाली मान घालून गप्प. अब्रूची भीती जिवापेक्षा मोठी झाली होती. तेव्हा दादी पुढे झाली, पदराची गाठ सोडली आणि उरलेल्या बिया डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, ‘‘ये पी गई ये.’’ त्यामुळे उपचाराला दिशा मिळाली. सलाइनवर दोन दिवस काढून ती बाई वाचली. परत आल्यावर दादी कुणालाही रागावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, ‘‘ये जलाने की चीज है, पीने की नइं.’’

पुढे एका जुन्या युनानी यादीत मला हरमलचं बाजारनाव सापडलं, ‘इस्पंद सोख्तनी’. फारसीत सोख्तनी म्हणजे जाळण्याजोगं. दादीला अक्षरओळख नव्हती, पण तिचं वाक्य त्या नावाचाच अर्थ सांगत होतं.

त्या बाईच्या शरीरात नेमकं काय झालं, ते आज विज्ञान सांगू शकतं. हरमलच्या बियांच्या वजनात साधारण दोन ते सात टक्के अल्कलॉइडं असतात. त्यातली मुख्य दोन, हार्मलीन आणि हार्मिन. हार्मलीन १८४१ मध्ये आणि हार्मिन त्यानंतर काही वर्षांत वेगळं काढलं गेलं. दोघांचीही नावं आपल्या हरमलवरून पडली. आपल्या शरीरात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक विकर असतं. मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांचं काम झालं की त्यांची विल्हेवाट लावणं हे त्याचं काम. हार्मिन आणि हार्मलीन या विकराला अडवतात. म्हणजे झाडूवालाच अडवून ठेवल्यासारखं होतं. रसायनं साठत जातात आणि मळमळ, उलट्या, कंप, भास अशी लक्षणं दिसतात.

गंमत अशी, की दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉनच्या जंगलातले आदिवासी ‘आयावास्का’ नावाचं एक पेय विधीसाठी करतात. त्यातल्या वेलीतून निघालेल्या द्रव्याला सुरुवातीला ‘टेलिपॅथीन’ असं भारदस्त नाव मिळालं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत सिद्ध झालं, की ते दुसरं तिसरं काही नसून हार्मिनच आहे. एक वेल दमट जंगलातली, एक झुडूप कोरड्या माळावरचं. मध्ये अख्खा महासागर आणि दोघांच्या पोटात रसायन एकच.

आणखी एक नातं तर आपल्या परसातलं आहे. हरमलमध्ये पेगॅनीन नावाचं एक अल्कलॉइड असतं. त्याचंच दुसरं नाव वासिसीन, म्हणजे आपल्या अडुळशाचा मुख्य घटक. खोकल्यावर अडुळसा आपण पिढ्यानपिढ्या वापरतो. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध याच वासिसीनच्या अभ्यासातून तयार झालं. पण वासिसीनचा दुसरा गुण असा, की ते गर्भाशयाचं आकुंचन वाढवू शकतं. म्हणून जाणते वैद्य गरोदर बाईला अडुळसा सांभाळून देतात. हरमलमध्ये हा गुण आणि हार्मिनचा मारा एकत्र येतो. त्या बाईच्या कानात सांगणाऱ्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, हे त्यातलं अधिक भयंकर. निव्वळ खोटं असतं तर ते कधीच मागे पडलं असतं. अर्धं खरं असतं तेच टिकतं आणि तेच जीव घेतं.

मग हरमलमध्ये औषध नाहीच का? आहे, आणि त्याचा शोध अजून चालू आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत लुई लेविन या औषधशास्त्रज्ञानं कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना हार्मिन देऊन पाहिलं आणि काहींना तात्पुरता आराम वाटला. पुढे लेवोडोपासारखी अधिक चांगली औषधं आली आणि तो मार्ग मागे पडला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या माणसाच्या बीटा पेशी हार्मिनमुळे वाढू शकतात. या पेशी मोठ्या माणसात सहसा वाढत नाहीत, म्हणून मधुमेहाच्या संशोधनात ही मोठी बातमी होती. त्यानंतर निरोगी स्वयंसेवकांवर शुद्ध हार्मिनची पहिल्या टप्प्याची चाचणीही झाली. मात्रा वाढवली की उलट्या होतात, हेच तिच्यात दिसलं.

पण प्रयोगशाळेत मोजून, शुद्ध करून दिलेलं हार्मिन ही एक गोष्ट आणि बाजारातून आणलेल्या बियांचा काढा ही दुसरी. एका पुडीतल्या बियांत दोन टक्के द्रव्य असेल, दुसऱ्या पुडीत सात. चमचा तोच, विष साडेतीनपट. इंटरनेटवर हल्ली मधुमेहापासून नैराश्यापर्यंत सगळ्यावर हरमल सुचवणारे भेटतात. त्यातही जी माणसं नैराश्यावरची औषधं घेत असतात त्यांना तर हरमल जिवावर बेतू शकते, कारण ती औषधं आणि हार्मिन मिळून मेंदूतल्या त्याच रसायनांचा पूर आणतात. खोकल्याच्या काही औषधांशीही तिचं वैर आहे. गरोदर बाईनं तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.

राहता राहिला धूर. त्याच्याबद्दलही सरळ बोलू. प्रयोगशाळेत या धुराच्या अर्कानं काही जिवाणूंची वाढ रोखलेली दिसली आहे. पण काचेच्या ताटलीतले जिवाणू वेगळे आणि माणसाच्या छातीतला आजार वेगळा. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा तुर्कमेनिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बेर्दिमुहामेदोव यांनी देशभर हरमलची धुरी देण्याचा आग्रह धरला. तिकडे तिला ‘युझार्लिक’ म्हणतात. देशात करोनाचा एकही रुग्ण नसल्याचं तिथलं सरकार सांगत राहिलं. या धुरामुळे करोना रोखला जातो याला कसलाही पुरावा नव्हता आणि नाही. उलट दम्याच्या रुग्णाला, तान्ह्या बाळाला बंद खोलीतला कुठलाही दाट धूर त्रासाचाच. दादी धुपाटणं फिरवताना दार-खिडक्या सताड उघडायची. बला बाहेर जायला वाट हवी, असं ती म्हणायची. कारण काहीही असो, सवय चांगली होती.

हरमल माणसाच्या हौसेनं कशी दूर जाते याची एक गोष्ट सांगतो. हिच्या बियांपासून लालसर रंग निघतो आणि पश्चिम आशियात तो लोकर रंगवायला वापरत. युरोपात ‘टर्की रेड’ म्हणून जी लाली गाजली ती खरी मंजिष्ठेच्या जातकुळीतल्या एका मुळाची, पण हरमलच्या रंगालाही लोक तेच नाव देत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, डेमिंग गावच्या एका शेतकऱ्यानं हा रंग करायच्या आशेनं हरमल लावली. रंगाचा धंदा उभा राहिला नाही, झाड मात्र राहिलं. तिथून ती अॅरिझोना, टेक्सास, नेवाडा, कॅलिफोर्नियात पसरली. तिकडच्या पश्चिमेच्या अनेक राज्यांत आज तिची नोंद उपद्रवी तण म्हणून आहे आणि खोल मुळामुळे ती उपटणं महाकठीण झालं आहे. काश्मीरच्या लग्नात जी पाहुण्यांच्या स्वागताला असते, तीच अमेरिकेतल्या कुरणवाल्याला शत्रू वाटते. झाड एकच. आपण त्याला कुठं नेलं आणि कशासाठी नेलं, यावर ते शुभ की अशुभ हे ठरतं.

हरमल ही चांगली की वाईट, असं मला लोक विचारतात तेव्हा मला त्या माळावरच्या शेळ्या आठवतात. त्या हिला ओलांडून पुढच्या गवताकडे जातात. त्यांना ती वाईट वाटत नाही, फक्त ती खायची नाही हे त्यांना ठाऊक असतं. माणसानंही हजारो वर्षं हेच शहाणपण पाळलं. न खाण्याजोग्या झाडाला त्यानं फेकून दिलं नाही, त्याला मान दिला. दाराशी टांगलं, निखाऱ्यावर ठेवलं, लग्नात नेलं, शायरीत बसवलं. ज्या थोड्या हकिमांनी तिला पोटात घ्यायला दिलं, त्यांनी ते मोजून, पारखून आणि रोग्यासमोर बसून दिलं. नजर खरंच लागते का, धुरानं ती उतरते का, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ‘जाळायची, प्यायची नाही’ ही त्या परंपरेतली शिकवण आहे. आपण परंपरा म्हणून धूर उचलतो आणि ही शिकवण मात्र मागे ठेवतो.

तेव्हा श्रोतेहो, कधी कोरड्या माळावरून जाताना, एखाद्या पडक्या भिंतीच्या आडोशाला बारीक पानांचं, पांढऱ्या फुलांचं झुडूप दिसलं तर थांबून बघा. पान चुरगळून वास घ्या आणि हात धुवा. घरात हरमलची पुडी असेल तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा आणि तिच्यावर नाव लिहून ठेवा. आणि एखाद्या बाईची पाळी चुकली, कुणाचं मन खचलं, कुणाची साखर वाढली, तर त्यांना बियांची पुडी सुचवू नका. त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा. तिथं डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं, तर मान खाली घालू नका. पदराची गाठ सोडा आणि जे असेल ते टेबलावर ठेवा.

आमची दादी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचं धुपाटणं माझ्याकडे आहे. ईदच्या संध्याकाळी मी त्यात चार दाणे टाकतो आणि त्याआधी खिडक्या उघडतो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)